खिडकीकडचा गाल

तिने पर्समधून उशीच्या जुन्या अभ्र्याचा पांढरा तुकडा काढला, औषधांच्या दुकानाच्या काउंटरवर पसरला आणि नमुन्याच्या बाटलीतलं क्रीम बोटावर घेऊन त्यावर घासलं. औषधवाली चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिली. तोंडाला लावायचं क्रीम लोक मनगटावर लावून बघतात, नाकाशी नेऊन वास घेतात, फारच चिकित्सक असतील तर खोक्यावरची बारीक अक्षरं वाचतात. फडक्याला क्रीम लावून बघणारं गिऱ्हाईक तिला नवीन होतं.

“हे तोंडाला लावायचं असतं,” औषधवाली म्हणाली.

“माहीत आहे. पण तोंडाला लावलेला हात पुढे चादरीला लागतो.”

तिने तुकडा उजेडाकडे धरला. तेलकट ओल पसरत होती, पण रंग नव्हता. रंगाचा भरवसा आत्ताच देता येत नाही, हे ती आता शिकली होती. तो धुतल्यावर उठतो.

ती आणि तिचा नवरा एका मोठ्या लाँड्रीची व्हॅन चालवत. चालवत म्हणजे तो चालवायचा आणि ती शेजारी बसायची. लाँड्रीतून धुतलेल्या चादरी, अभ्रे, टॉवेल भरायचे, हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलांच्या मागच्या दारांनी आत पोचवायचे आणि मळलेली बोचकी घेऊन परत यायचं. मळलेलं तो उचलायचा, धुतलेल्याला हात फक्त तिचा. हा नियम दोघांनी लग्नाच्या वचनांपेक्षा जास्त पाळला होता. कामावर सगळे त्याला पायलट म्हणत आणि तिला वहिनी. व्हॅनचा वेग पाहता पायलट हे नाव ठेवणाऱ्याला विनोदाची चांगलीच जाण असावी.

मागच्या थंडीत पायलटच्या उजव्या गालावर, डोळ्याच्या खाली, एक पुळी आली आणि बरी होईना. डास चावलाय, असं तो म्हणाला. खपली धरून पुन्हा ओली झाली, तेव्हाही डासच. थंडीत कसला डास, असं तिने विचारलं, तर म्हणे लाँड्रीत बॉयलर असतो, तिथे डासांना कसली आली थंडी. शेवटी तिने त्याला अक्षरशः ओढत डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी पुळी काढून तपासायला पाठवली आणि ती वाईट निघाली. वेळेत आलात, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. गालावर एक वाकडी शिवण राहिली. पुन्हा उगवली तर डोळ्यावर बेतेल, एवढं त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि डोळ्यावर बेतलं तर स्टिअरिंग सुटेल हे सांगायला डॉक्टर कशाला हवा? डोक्याला टोपी, गाडीची काच वर, आणि रोज सकाळी उन्हापासून वाचवणारं क्रीम, असा हुकूम झाला. टोपीने त्याच्या डोक्याला खाज सुटायची. काच वर केली की जीव गुदमरायचा. राहिलं क्रीम.

पहिली ट्यूब तिने स्वतःच्या हाताने त्याला लावली आणि त्याच हाताने अभ्र्यांचे गठ्ठे उचलले. ते अभ्रे वापरून परत आले, गरम पाण्यातून आणि ब्लीचमधून निघाले, आणि त्यांच्यावर नारिंगी बोटं उमटली. सुपरवायझरने ते टेबलावर मांडून तिला बोलावलं. चोराचे ठसे मिळाल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. तिने आपला पंजा त्या बोटांवर ठेवून बघितला आणि मान खाली घातली.

दुसरी ट्यूब डाग पाडत नव्हती, पण पायलटचा चेहरा चुना लावल्यासारखा दिसायचा. हॉटेलच्या मागच्या दारात आचाऱ्याने त्याला विचारलं, “काय पायलट, नाटकात घेतलं का?” पायलटने तिथल्या तिथे बाहीने तोंड पुसलं, आणि त्यानंतर ती ट्यूब व्हॅनच्या कप्प्यात पाना आणि स्क्रूड्रायव्हरच्या सोबतीला गेली. तिसरीला फुलांचा वास होता. तिसरी तो लावल्याचं सोंग करायचा. आरशात बघून गालावरून हात फिरवायचा, बोटं मात्र कोरडी. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाने बायकोला फसवताना निदान ट्यूबचं झाकण तरी उघडावं.

“तर आता असं द्या,” ती औषधवालीला म्हणाली, “की जे पांढरं दिसणार नाही, वास येणार नाही, कपड्याला डाग पडणार नाही आणि लावलंय हे त्याला कळणार नाही.”

“मग लावायचं तरी कशाला?” औषधवाली हसली. पण हसतानाच ती मागच्या फळीवरून खोकी काढत होती. चांगली बाई होती. आधीच्या तिन्ही ट्यूब हिनेच दिल्या होत्या आणि त्या फसल्याचं तिला स्वतःला लागलं होतं. “हे जाड असतं, कातडीवर बसतं, म्हणून पांढरं दिसतं. पण डोळ्यांना झोंबत नाही. हे दुसरं, तुम्ही फडक्यावर घासलंत तेच, मुरतं, दिसत नाही. ओलावा पण देतं, म्हणजे वेगळं काही लावायला नको. ऊन अडवायच्या ताकदीत तीस नंबरचं आहे आणि पन्नास नंबरचं आहे. तुम्ही पन्नासचंच घ्या.”

“पन्नास म्हणजे दिवसभर टिकेल?”

“नाही हो. दुपारी पुन्हा लावायचं. घाम आला, तोंड धुतलं, की पुन्हा.”

एकदा लावून घेतानाच तिच्या नाकी नऊ येत होते. तिने काउंटरच्या कडेला दोन्ही हात टेकले आणि अंगाचा भार त्यांच्यावर टाकला. पहाटेपासून जिने चढून उतरून पोटऱ्या भरून आल्या होत्या. मागे कुणीतरी खोकल्याच्या औषधासाठी ताटकळत होतं. एका माणसाच्या एका गालासाठी किती विचार करायचा, असं तिला वाटलं आणि लगेच त्या वाटण्याची लाजही वाटली.

“बघा लावून,” औषधवालीने बाटली पुढे केली. “गाल द्या इकडे.”

औषधवालीचा हात तिच्या डाव्या गालाकडे येत होता. तिने मान वळवली आणि उजवा गाल पुढे केला. क्रीम गार होतं. क्षणभर बरं वाटलं.

“तुम्हीपण त्यांच्यासोबत गाडीत असता ना? मग तुम्हालाही लागेल की.”

“मला कशाला? मी कुठे चालवते? नुसती बसते.”

“ऊन काय लायसन बघून पडतं?”

तिने डोक्यावरचा स्कार्फ डाव्या कानावर पुढे ओढला आणि पर्स उघडली. “आधी त्यांचं मार्गी लागू दे,” ती म्हणाली. “हे मुरणारं द्या. एकच द्या.”

“डोळ्याजवळ नका लावू मात्र. घामाबरोबर उतरलं तर फार झोंबतं.”

“हो,” ती म्हणाली. पण तिचं लक्ष अभ्र्याच्या तुकड्याकडे होतं. तो तिने घडी करून वेगळ्या पिशवीत ठेवला आणि संध्याकाळी लाँड्रीत नेऊन स्वतःच्या डोळ्यांसमोर गरम पाण्यातून आणि ब्लीचमधून काढून घेतला. तुकडा पांढराशुभ्र निघाला. सुपरवायझरने मान डोलावली. तिला वाटलं, सुटलो एकदाचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी भरून झाल्यावर तिने पायलटला सीटवर बसवलं आणि स्वतः त्याच्या दाराशी उभी राहिली. झाकण तिनेच उघडलं. आता विश्वासाने काही सोपवायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

“अगं, लोक बघतायत.”

“बघू दे. मान वर करा.”

“मी काय बोहल्यावर चढतोय?”

“चढला होतात तेव्हाही असेच तोंड वाकडं करून बसला होतात.”

त्याने मान वर केली. तिने उजव्या गालावर क्रीम लावलं, कपाळाच्या उजव्या बाजूला लावलं, मानेवर लावलं. शिवणीशी आल्यावर तिचा हात हळू झाला. शिवण पापणीच्या अगदी खालपर्यंत गेली होती. तिथेच तर खरी भीती होती. तिने आणखी थोडं क्रीम घेतलं आणि पापणीच्या कडेपर्यंत नीट, जाडसर बसवलं, एकही जागा सुटू दिली नाही.

“डाव्या गालाने काय पाप केलंय?” त्याने विचारलं.

“तिकडे ऊन कुठून येणार? तिकडे मी असते.”

हे दोघांनाही पटण्यासारखं होतं. त्याची उजवी बाजू खिडकीकडे, तिची डावी. इतक्या वर्षांच्या उन्हाने त्याचा उजवा गाल चहासारखा झाला होता आणि तिचा डावा. गाडीत मात्र दोघं एकमेकांना आतल्या, न रापलेल्या बाजूनेच दिसत. अर्थात बघितलं तर. बघण्याची सवय कधीच मोडली होती. तो रस्त्याकडे बघायचा, ती पुढच्या थांब्याचा विचार करायची, आणि घरी पोचेपर्यंत दोघांचेही डोळे मिटायला आलेले असायचे. स्वयंपाकघरातला एकच दिवा आणि त्यात दोन दमलेली माणसं पुढ्यातल्या ताटाकडे बघत जेवायची.

हॉटेलं उरकून ते बाळंतिणींच्या हॉस्पिटलकडे निघाले, तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. काच पूर्ण खाली होती. खिडकीतून येणारा वारा इस्त्रीसारखा गरम होता. पायलटच्या टकलावरून घाम निघाला, कपाळावरून उतरला आणि आपल्याबरोबर जे मिळेल ते घेऊन डोळ्यात शिरला.

आधी त्याने नुसतीच डोळ्याची उघडझाप केली. मग बाहीने पुसलं. पुसल्याने ते आणखी आत गेलं. समोरचा ट्रक थांबला आणि पायलटने इतका उशिरा ब्रेक दाबला, की मागचे गठ्ठे धाडकन सीटच्या पाठीला येऊन भिडले. तिने डॅशबोर्ड पकडला. त्याने गाडी हळूहळू कडेला घेतली, एका गोदामाच्या लांबलचक भिंतीशी लावली, हँडब्रेक ओढला आणि दोन्ही तळवे डोळ्यावर दाबले.

“मिरची घातलीस का काय त्यात?”

ती पाण्याची बाटली घेऊन पलीकडे धावली. त्याने वाकून डोळा धुतला, पुन्हा धुतला. बाटली संपली. डोळा लालभडक झाला होता आणि पापणी उघडायचं नाव घेत नव्हती. औषधवालीचं वाक्य तिला आता आठवलं, अगदी जसंच्या तसं. पापणीच्या कडेपर्यंत तिनेच लावलं होतं, आणि किती मन लावून. तिला रडू यायला लागलं, पण रडायलाही अंगात बळ लागतं. तिने बाटलीचं झाकण लावलं.

“उघडतोय का?”

“उघडतोय, पण टिकत नाही. दहा मिनिटं थांब.”

फोन वाजला. हॉस्पिटलची मेट्रन होती. धुतलेल्या चादरी संपत आल्यात, दोन बायका आत घेतल्यात, कुठवर आलात?

“आलोच,” ती फोनवर म्हणाली. मग त्याला म्हणाली, “सरका तिकडे.”

“तू चालवणार?”

“मग काय ढकलत नेऊ? माझ्याकडे लायसन आहे.”

लायसन होतं. कधी अडीअडचणीला उपयोगी पडेल म्हणून काढलं होतं आणि अडीअडचण आली, की पायलट ताप असला तरी स्वतःच चालवायचा. तिने गिअर टाकला की क्लच रडतो, असं त्याचं म्हणणं होतं. आज तो डोळ्यावर ओला टॉवेल दाबून, भिंतीला हात लावत, गाडीच्या पुढून वळसा घालून डाव्या सीटवर जाऊन बसला. त्या सीटवर तो कधी बसलाच नव्हता. बसल्यावर त्याने पाय लांब केले, तर पायाखाली ब्रेक नाही म्हणून तो बेचैन झाला.

तिने सीट पुढे ओढली. आरसे खाली-वर केले. स्कार्फची कड डाव्या आरशाच्या आड येत होती. तिने ती दोनदा मागे सारली, ती दोनदा पुढे आली. शेवटी तिने स्कार्फ काढून मांडीवर टाकला आणि केस कानामागे खोवले. मग गाडी सुरू केली.

पहिल्या गिअरला क्लच रडला.

“बघ,” तो म्हणाला.

“गप्प बसा.”

“हळूहळू सोडायचा. पाय काढून पळायचं नाही.”

दुसऱ्याला कमी रडला. तिसऱ्याला पायलटने तोंड उघडलं आणि काही न बोलता मिटलं. तिला वाटलं, जमलं. गाडी रस्त्याला लागली होती. मागे गठ्ठे आपापल्या जागी सरकत होते. समोरून वारा येत होता. उजव्या गालावर ऊन लागत होतं, आणि तिथे ऊन लागलं की कसं वाटतं हे तिला नवीनच होतं. चौथा गिअर टाकला. त्यालाही तो काही बोलला नाही. पुढच्या वळणावर तिने जरा जास्तच वेग ठेवला, मुद्दाम, तरी नाही.

“रागावलात का?” तिने समोर बघत विचारलं.

“हे कधीपासून आहे?”

“काय?”

“कानापाशी. गालावर.”

तिचा हात आपोआप वर निघाला, पण गाडी किंचित डोलली म्हणून तो परत स्टिअरिंगवर गेला. मांडीवरचा स्कार्फ घसरून पायाशी पडला होता. तो उचलणं आता शक्य नव्हतं.

“डास चावला असेल,” ती म्हणाली.

“मीपण डासच म्हणायचो.”

तिने आरशात बघितलं, तर मागे रस्ता रिकामा होता. बाजूला बघायचा तिला धीर झाला नाही. तो बघत होता, हे तिला गालावर कळत होतं. एक डोळा टॉवेलखाली आणि दुसरा उघडा ठेवून तो सीटवर पूर्ण तिच्याकडे वळून बसला होता.

“खपली धरते का?”

“धरते. पडते. पुन्हा धरते.”

“आणि तू मला सांगितलं नाहीस.”

“तुमचं निस्तरू दे म्हटलं आधी. दोघंही बसलो तर गाडी कोण काढणार?” तिचा आवाज चढला नाही. तो चढवायलाही आता अंगात काही उरलं नव्हतं. “मी बघितलं, म्हटलं असू दे. तुमचा टाका निघाला की जाऊ. तो निघाला, मग क्रीम बसेना. म्हटलं क्रीम बसलं की जाऊ. रोज काहीतरी असतंच.”

त्याने टॉवेल खाली ठेवला. कप्प्यातून सकाळची ट्यूब काढली, झाकण उघडलं, बोटावर क्रीम घेतलं आणि हात पुढे केला. बोट तिच्या गालाला लागलं. धुतलेल्या कपड्याला लागू नये म्हणून आयुष्यभर लांब ठेवलेला हात होता तो. त्या डागाच्या आजूबाजूला त्याने हळूहळू क्रीम लावलं, डागाला धक्का लागू दिला नाही.

“आता तिकडे ऊन नाही,” ती म्हणाली.

“समोर बघ.”

“अहो, काय उपयोग त्याचा आता?”

“समोर बघ म्हटलं ना. आणि काच वर घे.”

“तुम्हाला गुदमरतं.”

“घे वर.”

तिने काच वर घेतली. त्याने आपल्या बाजूचीही घेतली. वारा थांबला आणि गाडी भट्टीसारखी तापायला लागली. मागच्या चादरींचा धुतलेला, गरम वास सगळीकडे भरला. पायलटच्या कपाळावरून घाम पुन्हा निघाला आणि त्याने तो पुसला नाही. त्याने खिशातून फोन काढला, चांगल्या डोळ्याजवळ धरून नंबर शोधला आणि लावला. डॉक्टरबाईंकडे आजवर फोन करायचा तो तिनेच. नंबर त्याच्याकडे आहे, हेही तिला माहीत नव्हतं.

“हॅलो. हो, मी पायलट बोलतोय. म्हणजे ते गालवाले. व्हॅनवाले.” तो थांबला. “नाही, माझा गाल बरा आहे. माझ्यासाठी नको. बायकोला दाखवायचंय.” पुन्हा थांबला. “उद्या नको हो. आज. चादरी उतरवल्या की लगेच येतो. बसून राहू आम्ही, कितीही वेळ बसू.”

हॉस्पिटलचं फाटक दिसायला लागलं. मागच्या दाराकडे जायला चढ होता आणि चढावर गिअर बदलायचा होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि रस्ता नीट दिसत नव्हता. तिने अंदाजाने पाय उचलला. क्लच मोठ्याने रडला. गाडी दोन धक्के खाऊन कशीबशी पुढे सरकली.

पायलट काही बोलला नाही.